ड्युअल बूट: क्लाउडमधल्या फाइली विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडून कशा वापरायच्या?

कळफलक

एकाच लॅपटॉपवर विंडोज ११ आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार). डिस्क एकच, ५१२ जीबीची. ३०० जीबी विंडोजला, साधारण १६० जीबी उबुंटूला. वनड्राइव्हवर ९० जीबी डेटा आहे, गूगल ड्राइव्हवर १२ जीबी.

विंडोजमध्ये सगळं व्यवस्थित दिसतं. उबुंटूतून विंडोजचं पार्टिशन (डिस्कचा विंडोजकडचा भाग) उघडलं की मात्र:

१. युजर फोल्डरमधलं 'डॉक्युमेंट्स' रिकामं असतं.
२. 'वनड्राइव्ह' फोल्डरच्या जागी तुटलेली लिंक दिसते, आणि टर्मिनलमध्ये यादी काढली की तिच्यापुढे 'अनसपोर्टेड रिपार्स टॅग ०एक्स९०००६०१ए' असं येतं.
३. पार्टिशन कधीकधी फक्त वाचण्यापुरतंच माउंट होतं, म्हणजे जोडलं जातं.

९० जीबी दोनदा डाउनलोड न करता दोन्हीकडून त्याच फाइलींवर काम करायचं आहे. जमेल का?

खटपट्या

तिन्हींची कारणं वेगळी आहेत, म्हणून सुटी सुटी घेतो.

डॉक्युमेंट्स रिकामं दिसतं कारण वनड्राइव्हचा बॅकअप पर्याय चालू आहे. तो चालू केला की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर वनड्राइव्हच्या फोल्डरच्या आत हलतात. विंडोज ते मूळ जागीच असल्यासारखे दाखवतं, पण डिस्कवर ते 'युजर्स → तुमचं नाव → वनड्राइव्ह → डॉक्युमेंट्स' इथं असतात. लिनक्सला विंडोजची ही पुनर्निर्देशनाची नोंद कळत नाही, त्याला जुनं रिकामं फोल्डर तेवढं दिसतं.

तुटलेली लिंक म्हणजे फाइल्स ऑन-डिमांड. विंडोज १० मध्ये २०१७ साली हे आलं. डिस्कवर फाइलचं नाव, आकार आणि तारीख एवढंच ठेवायचं, मजकूर सर्व्हरवर. फाइल उघडली की विंडोजमधला एक ड्राइव्हर मध्ये पडून मजकूर उतरवून घेतो. एनटीएफएसमध्ये (विंडोजच्या डिस्कवरची फाइल सिस्टिम) अशा फाइलींवर रिपार्स पॉइंट नावाची खूण असते, आणि तुम्ही दिलेला आकडा त्याच खुणेचा आहे. लिनक्समध्ये तो ड्राइव्हर नाही. त्यामुळे ज्या फाइलचा मजकूर डिस्कवर नाहीच, ती लिनक्सच्या कुठल्याही साधनानं त्या पार्टिशनवरून वाचता येणार नाही. सेटिंग चुकलंय अशातला भाग नाही, तिथं वाचायला काही नसतंच.

फाइल खरोखर डिस्कवर आहे का हे विंडोजमध्येच बघा. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. 'साइझ' ४ एमबी आणि 'साइझ ऑन डिस्क' ० बाइट असेल तर ते नुसतं नाव आहे.

तिसऱ्या मुद्द्याचं कारण फास्ट स्टार्टअप. त्यावर वेगळं लिहावं लागेल, कारण डेटा जातो तो बहुतेक तिथंच.

निळीशाई

फास्ट स्टार्टअपबद्दल लिहितो.

विंडोजमध्ये 'शट डाउन' म्हटलं की हा पर्याय चालू असताना पूर्ण बंद होत नाही. कर्नलची (विंडोजच्या गाभ्याची) अवस्था हायबरनेशनच्या फाइलमध्ये साठवली जाते आणि सी ड्राइव्ह 'उघडा' राहतो. फाइल सिस्टिमच्या काही नोंदी त्या साठवलेल्या स्मृतीतच असतात. लिनक्सनं मध्ये येऊन त्या पार्टिशनवर लिहिलं आणि नंतर विंडोज जागं झालं, तर विंडोज आपल्या जुन्या नोंदी वर लिहून टाकतं. फोल्डर हरवणं, फाइलींची अदलाबदल, सगळं त्यातून होतं. हे टाळायलाच एनटीएफएस-३जी (लिनक्समधला एनटीएफएस वाचणारा-लिहिणारा ड्राइव्हर) लिहायला नकार देतो आणि फक्त वाचण्यापुरतं माउंट करतो. पण त्या अवस्थेत वाचलेलंही शिळं असू शकतं, बंद करण्याआधी शेवटी सेव्ह केलेली फाइल दिसेलच असं नाही.

उपाय: विंडोजमध्ये अ‍ॅडमिन अधिकारानं कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' द्या. (आज्ञा इथं उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना अर्थात रोमन अक्षरं.) यानं हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही बंद होतात, शिवाय हायबरनेशनच्या फाइलची काही जीबी जागा मोकळी होते. हायबरनेशन हवंच असेल तर कंट्रोल पॅनेल → पॉवर ऑप्शन्स → 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' मध्ये फास्ट स्टार्टअपपुरती खूण काढा. मात्र मग विंडोज हायबरनेट करून लिनक्समध्ये जायचं नाही. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर हे सेटिंग पुन्हा एकदा तपासा.

सेटिंग बदलायचं नसेल तर लिनक्सकडे जाताना 'शट डाउन' नको, 'रीस्टार्ट' वापरा. रीस्टार्टमध्ये विंडोज पूर्ण बंद होतं. शिफ्ट दाबून शट डाउन केलं तरी तेच.

दोन गोष्टी कटाक्षानं टाळा. हायबरनेशनची फाइल उडवून माउंट करायचा 'रिमूव्ह_हायबरफाइल' पर्याय वापरू नका, विंडोजची साठवलेली अवस्था आणि न जतन केलेलं काम जातं. आणि 'एनटीएफएसफिक्स'वर दुरुस्तीसाठी विसंबू नका. ते काही मूलभूत विसंगती तेवढ्या दुरुस्त करतं आणि विंडोजला पुढच्या वेळी तपासणी करायला सांगतं. खरी दुरुस्ती विंडोजमधल्या 'चेकडिस्क'नंच होते.

अर्धविराम

कळफलक, 'दोनदा डाउनलोड न करता' याचं उत्तर देतो. येतं. वनड्राइव्हच्या लिनक्स क्लायंटच्या (म्हणजे सिंक करणाऱ्या प्रोग्रामच्या; तो मुक्तस्रोत आहे, नावही 'वनड्राइव्ह'च) दस्तऐवजात ड्युअल बूटसाठी वेगळा भागच आहे. गाभा असा की विंडोजमध्ये फाइल्स ऑन-डिमांड बंद करा, म्हणजे सगळ्या फाइली पूर्ण उतरतात आणि दोन्हीकडून तेच फोल्डर वापरता येतं.

विंडोज ११ मध्ये रस्ता: टास्कबारवरचा ढग → गिअर → सेटिंग्ज → सिंक अँड बॅकअप → अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज → फाइल्स ऑन-डिमांड → 'डाउनलोड ऑल फाइल्स'. जुन्या आवृत्तीत 'सेव्ह स्पेस अँड डाउनलोड फाइल्स अ‍ॅज यू यूज देम' ही खूण काढायची.

सगळं नको, एखादंच फोल्डर हवं असेल तर त्यावर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस'. चिन्हांकडे लक्ष द्या. भरीव हिरवं वर्तुळ आणि पांढरी टिकमार्क म्हणजे कायम डिस्कवर. पांढऱ्या वर्तुळात हिरवी टिकमार्क म्हणजे सध्या डिस्कवर आहे, पण स्टोरेज सेन्स (विंडोजची जागा मोकळी करणारी सोय) ती काही दिवसांनी परत ढगात पाठवू शकतं. निळा ढग म्हणजे नुसतं नाव.

खटपट्या

अर्धविराम, फाइल्स पूर्ण उतरवायच्या इथपर्यंत मान्य. एकच फोल्डर दोन्ही क्लायंटना द्यायला मात्र माझा ठाम विरोध आहे.

प्रत्येक सिंक क्लायंट स्वतःची एक वही ठेवतो: कोणती फाइल, तिचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) काय, सर्व्हरवर शेवटची स्थिती काय. विंडोजच्या वनड्राइव्हची वही युजरच्या अ‍ॅपडेटामध्ये असते, लिनक्स क्लायंटची होम फोल्डरच्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरात, 'आयटम्स' नावाच्या एसक्यूलाइट फाइलमध्ये. या दोन वह्यांना एकमेकींचा पत्ता नाही. तुम्ही लिनक्समध्ये चार दिवस काम केलंत की विंडोजची वही चार दिवस शिळी. परत आल्यावर विंडोजच्या क्लायंटला दिसतं: स्थानिक फाइल बदलली, सर्व्हरवरचीही बदलली. हॅश जुळला तर गप्प पुढे जातो. नाही जुळला तर संघर्ष, आणि फाइलच्या नावामागे संगणकाचं नाव लावलेली दुसरी प्रत.

हॅश जुळायला हवा ना, दोन्हीकडे तीच फाइल आहे? नेहमी नाही. कामाच्या किंवा शाळेच्या खात्यात, म्हणजे शेअरपॉइंटवर चालणाऱ्या वनड्राइव्हमध्ये, ऑफिसची फाइल अपलोड झाल्यावर सर्व्हर तिच्यात स्वतःची माहिती घालतो. आकार बदलतो, हॅश बदलतो.

पण त्याहून मोठा धोका माउंटचा आहे. लिनक्स क्लायंट आपोआप सुरू झाला आणि त्या वेळी विंडोजचं पार्टिशन माउंटच झालेलं नसेल, तर त्याला दिसतं रिकामं फोल्डर. वहीत ४०,००० फाइली, डिस्कवर एकही नाही. तो काढतो तो निष्कर्ष: वापरकर्त्यानं सगळं पुसलं, सर्व्हरवरूनही पुसा.

अर्धविराम

त्यासाठी क्लायंटमध्ये दोन कुंपणं आहेत. एका फेरीत १,००० पेक्षा जास्त फाइली पुसायची वेळ आली तर तो थांबतो आणि तुमची स्पष्ट संमती मागतो. तो आकडा कॉन्फिग फाइलमध्ये कमी करता येतो. कमी करावाच, ज्याच्याकडे एकूण ८०० फाइली आहेत त्याला १,००० चं कुंपण निरुपयोगी.

दुसरं 'चेक_नोमाउंट'. हा पर्याय कॉन्फिगमध्ये 'ट्रू' करायचा, पार्टिशन अनमाउंट असताना त्या रिकाम्या माउंट फोल्डरात '.नोसिंक' नावाची रिकामी फाइल बनवायची. पार्टिशन माउंट झालं की ती झाकली जाते आणि सिंक चालतो. माउंट नसेल तर ती उघडी पडते आणि क्लायंट जागीच थांबतो. ती फाइल माउंट असताना चुकून आतल्या फोल्डरात बनवली तर उलट होईल, सिंक कधीच चालणार नाही. क्रम सांभाळा.

बाकी तुमचा मुद्दा मान्य. दोघांनाही लिहायची मुभा देण्यापेक्षा लिनक्सकडे 'डाउनलोड-ओन्ली' ठेवलेलं बरं.

खटपट्या

ती '.नोसिंक'ची युक्ती चांगली आहे, बाह्य डिस्कवर सिंक करणाऱ्यांनीही वापरावी. पण सामायिक फोल्डरावर 'डाउनलोड-ओन्ली' चालवून मिळतं काय? फाइली विंडोजनं आधीच उतरवल्यात. मग लिनक्सकडे क्लायंट कशाला, नुसतं वाचण्यापुरतं माउंट पुरे.

माझ्या मते नियम एकच: एका फोल्डराचा एकच मालक. विंडोजचा क्लायंट ज्या फोल्डरात लिहितो त्यात लिनक्सच्या क्लायंटनं पाऊल टाकायचं नाही. लिनक्सला हवं असेल तर त्यानं थेट सर्व्हरकडे जावं, स्वतःच्या एक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) पार्टिशनवर स्वतःची प्रत घ्यावी किंवा प्रत न घेता माउंट करावं.

दीपमाळ

एक पुस्ती. 'ऑलवेज कीप' केलं तरी वनड्राइव्हच्या मूळ फोल्डरावर ती रिपार्सची खूण राहू शकते. मग आतल्या फाइली डिस्कवर असूनही एनटीएफएस-३जी बाहेरचं दारच उघडत नाही. कळफलक यांना दिसणारी तुटलेली लिंक ही तीच असण्याची शक्यता जास्त. खात्री करायला विंडोजमध्ये 'एफएसयूटिल रिपार्सपॉइंट क्वेरी' आणि पुढे फोल्डरचा मार्ग द्या. टॅग ९००० नं सुरू होऊन ०१ए नं संपत असेल तर ती क्लाउडचीच खूण. मधला एक आकडा बदलता असतो.

एनटीएफएस-३जीसाठी वनड्राइव्हचं एक प्लगइन आहे. ते बसवलं की स्थानिक मजकूर असलेल्या फाइली वाचता येतात. ढगातल्या फाइली त्यानंही येत नाहीत. बहुतेक वितरणांत (उबुंटूसारख्या लिनक्सच्या प्रकारांत) ते आपोआप येत नाही, स्रोतातून बांधावं लागतं.

त्यापेक्षा सोपं: दोन्हीकडे लागणारी चार फोल्डरं वनड्राइव्हच्या बाहेर, साध्या एनटीएफएस डेटा पार्टिशनवर ठेवा. सामायिक पार्टिशन एक्सफॅट (दोन्हीकडे चालणारी फाइल सिस्टिम) करून त्यावर वनड्राइव्ह ठेवायचा विचार असेल तर सोडा, विंडोजचा क्लायंट एनटीएफएसच मागतो.

आणि एक कळकळीची सूचना. लिनक्समधून विंडोजच्या पार्टिशनचा आरसिंकनं (फाइली कॉपी करणारी आज्ञा) बॅकअप घेऊन मग विंडोज पुसणारे असतील त्यांनी थांबावं. ढगातल्या फाइली त्या बॅकअपमध्ये नसतात. कॉपी करताना इनपुट/आउटपुट त्रुटी किंवा तुटक्या लिंका येतात, आणि लांब यादीत त्या नजरेतून सुटतात. आधी विंडोजमध्ये सगळं उतरवा, मग बॅकअप.

कळफलक

रिपार्सची तपासणी केली, टॅग तोच आहे. फास्ट स्टार्टअप बंद केलं, पार्टिशन आता लिहिण्यासाठीही उघडतं.

म्हणजे वनड्राइव्हसाठी लिनक्सकडे वेगळी वाट. पण ९० जीबी उबुंटूत उतरवले तर १६० मधले उरतात किती? रोज लागणारं फार तर ८ जीबी असेल. गूगल ड्राइव्हचं काय?

टर्मिनलवाला

मग निवडक सिंक आणि आरक्लोन (क्लाउडमधल्या फाइली थेट जोडणारं साधन), दोन्ही एकत्र.

रोजच्या ८ जीबीसाठी वनड्राइव्हचा लिनक्स क्लायंट. वितरणाच्या भांडारातलं पॅकेज बऱ्याचदा जुनं असतं. क्लायंटचे लेखक ओपनसूसे बिल्ड सर्व्हिसवरून घ्यायला सांगतात, तिथून घ्या. पायऱ्या:

१. टर्मिनलमध्ये 'वनड्राइव्ह' एवढंच द्या. एक दुवा येतो. तो ब्राउझरमध्ये उघडून लॉगिन करा. शेवटी जे कोरं पान उघडतं त्याचा पत्ता कॉपी करून टर्मिनलमध्ये चिकटवा. पान कोरं दिसलं म्हणून बंद करू नका, कोरंच येतं.

२. कॉन्फिग फोल्डरात 'सिंक_लिस्ट' नावाची फाइल बनवा. एका ओळीत एक फोल्डर, पुढे तिरकी रेघ देऊन. तिरकी रेघ नसेल तर त्या नावाचं फोल्डर झाडात कुठंही असलं तरी पकडलं जातं.

३. सिंक_लिस्ट बदलली की दर वेळी एकदा '--सिंक --रीसिंक' लागतं. रीसिंकमध्ये वही फाडून नवी होते. म्हणून आधी '--ड्राय-रन' जोडून काय होणार ते वाचा. आवृत्ती २.५ च्या आधी '--सिंक' ऐवजी '--सिंक्रोनाइझ' होतं, जुने लेख वाचताना लक्षात असू द्या.

४. सगळं ठीक दिसलं की 'सिस्टिमसीटीएल --युजर एनेबल --नाऊ वनड्राइव्ह'. हा मॉनिटर प्रकार आहे. स्थानिक बदल लगेच वर जातो, सर्व्हरकडे चौकशी दर ३०० सेकंदांनी.

रीसिंक करताना स्थानिक फाइल सर्व्हरपेक्षा वेगळी निघाली तर क्लायंट ती न पुसता नाव बदलून ठेवतो, नावात संगणकाचं नाव आणि 'सेफबॅकअप'. अशा फाइली दिसल्या तर घाईनं पुसू नका, आधी तुलना करा.

उरलेल्या ८२ जीबीसाठी आरक्लोनचं माउंट. 'आरक्लोन कॉन्फिग'मध्ये नवीन रिमोट, प्रकार वनड्राइव्ह, ब्राउझरमधून परवानगी. मग माउंट करताना हे पर्याय द्या: '--व्हीएफएस-कॅश-मोड फुल' आणि '--व्हीएफएस-कॅश-मॅक्स-साइझ १०जी'. पहिला न देता माउंट केलं तर लिब्रेऑफिससारखे प्रोग्राम सेव्ह करताना अडतात, कारण ते फाइलच्या मध्यात लिहितात आणि नुसता क्लाउडचा प्रवाह तसं लिहू देत नाही. कमाल आकार दिला तरी उघड्या फाइली त्यापलीकडे जाऊ शकतात, थोडी जागा हातची ठेवा.

मात्र एकच फोल्डर क्लायंटमध्येही आणि आरक्लोनमध्येही लिहिण्यासाठी उघडू नका. खटपट्यांचा एक मालकाचा नियम इथंही लागू. आरक्लोनला '--रीड-ओन्ली' दिलंत तर प्रश्नच मिटतो.

निळीशाई

गूगल ड्राइव्हसाठी लिनक्सवर अधिकृत क्लायंट नाही. विंडोजमध्ये 'ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप' दोन प्रकारे चालतो. 'स्ट्रीम'मध्ये एक आभासी ड्राइव्ह दिसतो, तो प्रोग्राम चालू असेपर्यंतच असतो. डिस्कवर त्याचे तुकडे अ‍ॅपडेटामध्ये सांकेतिक नावांनी पडलेले असतात. लिनक्समधून ते उघडून काही हाती लागत नाही. 'मिरर'मध्ये मात्र साध्या फोल्डरात साध्या फाइली असतात, रिपार्सची भानगड नाही. १२ जीबीच आहेत तर विंडोजमध्ये मिरर करा आणि लिनक्समधून ते पार्टिशन वाचण्यापुरतं माउंट करा. लिहायचं असेल तर आरक्लोन.

आरक्लोनमध्ये गूगलसाठी स्वतःची क्लायंट आयडी बनवा. सगळे वापरतात ती सामायिक आयडी मर्यादेमुळे खूप हळू होते.

गूगल डॉक्सच्या फाइली हा वेगळाच प्रकार. मिरर फोल्डरात दिसणारी 'जीडॉक' फाइल म्हणजे नुसता दुवा. तिचा बॅकअप घेतला तरी मजकुराचा बॅकअप होत नाही. आरक्लोन अशा फाइली वाचताना डॉकएक्स, एक्सएलएसएक्स, पीपीटीएक्स अशा रूपात काढून देतो.

गनोमच्या (उबुंटूचा डेस्कटॉप) काही आवृत्त्यांत ऑनलाइन अकाउंट्समधूनही गूगल ड्राइव्ह जोडता येतो, आणि गनोम ४६ पासून (२०२४) वनड्राइव्हही. फाइल मॅनेजरमधून एखादी फाइल बघायला ते पुरतं. टर्मिनलमधून तिथं गेलात तर गूगलच्या फाइलींच्या नावांऐवजी लांबलचक आयडी दिसतात, स्क्रिप्टसाठी त्या वाटेला जाऊ नका.

ओंजळ

ड्रॉपबॉक्स असणाऱ्यांसाठी थोडक्यात. त्याचा लिनक्स क्लायंट एनटीएफएसवर फोल्डर ठेवूच देत नाही. २०१८ मध्ये त्यांनी फक्त एक्सटी४ ठेवलं, २०१९ मध्ये एक्सएफएस, बीटीआरएफएस, झेडएफएस वगैरे परत आणलं. विंडोजला यातलं एकही आपणहून वाचता येत नाही. म्हणजे सामायिक फोल्डरचा प्रश्नच उद्भवत नाही, दोन प्रती हव्यातच. जागा कमी असेल तर लिनक्सकडे सिलेक्टिव्ह सिंक.

उलट दिशा विचारणारेही असतात: लिनक्सच्या एक्सटी४ वरची सिंक प्रत विंडोजमधून उघडायची. 'डब्ल्यूएसएल --माउंट' (डब्ल्यूएसएल म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) त्यासाठी आहे, पण तो अख्खी डिस्क घेतो, विंडोज ज्या डिस्कवरून चालू आहे ती डिस्क देता येत नाही. कळफलक यांच्यासारखी एकच डिस्क असेल तर ही वाट बंद.

दीपमाळ

नावांचं कुणी बोललं नाही अजून. लिनक्समध्ये 'अहवाल: मार्च' असं नाव चालतं, विंडोजमध्ये विसर्गचिन्हासारखा तो कोलन चालत नाही. तारांकन, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, कोनी कंस, उभी रेघ आणि उलटी तिरकी रेघ, हेही नाही. नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा नाही. वनड्राइव्ह अशी फाइल घेतच नाही, त्यामुळे ती लिनक्समध्येच अडकून राहते आणि विंडोजमध्ये 'हरवते'. रोमन नावांत लहान-मोठ्या अक्षरांचा फरक लिनक्स मानतं, विंडोज आणि वनड्राइव्ह मानत नाहीत. फक्त तेवढ्याच फरकाच्या दोन फाइली एका फोल्डरात ठेवू नका.

एनटीएफएस पार्टिशन एनटीएफएस-३जीनं माउंट करताना 'विंडोज_नेम्स' हा पर्याय दिला की अशी नावं लिनक्सलाच बनवता येत नाहीत. एफएसटॅबच्या (सुरू होताना काय माउंट करायचं त्या यादीच्या) ओळीत बरोबर 'यूआयडी=१०००, जीआयडी=१०००' (तुमचा क्रमांक 'आयडी' आज्ञेनं बघा) आणि 'नोफेल'. शेवटचा नसेल आणि पार्टिशन काही कारणानं उघडलं नाही तर उबुंटू सुरू होतानाच आपत्कालीन कन्सोलवर अडकतं.

टर्मिनलवाला

घड्याळही. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). एकातून दुसऱ्यात गेलं की वेळ काही तास सरकते. नेटवरून दुरुस्त होईपर्यंतच्या काळात सेव्ह केलेल्या फाइलींवर चुकीची तारीख पडते, आणि 'नवी कोणती' हे तारखेवर ठरवणारं साधन चुकीची फाइल जिंकवतं. फरक मोठा असेल तर सर्व्हरचं प्रमाणपत्रही नाकारलं जातं आणि सिंक नुसताच बंद पडतो.

लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' दिलं की तो विंडोजप्रमाणे वागतो. विंडोजच्या रजिस्ट्रीत 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' ही किंमत १ करणं जास्त स्वच्छ. दोन्हीतलं एकच करा. दोन्ही केलंत तर फरक उलट्या बाजूनं परत येतो.

कळफलक

घड्याळाची रजिस्ट्री नोंद केली. सिंक_लिस्टमध्ये तीन फोल्डरं, ड्राय-रन नीट गेलं.

दोन शंका. नव्या लॅपटॉपवर विंडोजचं पार्टिशन बिटलॉकरनं (विंडोजच्या एन्क्रिप्शननं) बंद असतं, तिथं काय? आणि एका बाजूचं काम दुसऱ्या बाजूला पोचलंय हे रीस्टार्टच्या आधी कसं ओळखायचं?

निळीशाई

बिटलॉकर: विंडोज ११ च्या २४एच२ पासून नव्या स्थापनेत मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन बहुतेक वेळा आपोआप चालू होतं. लिनक्समध्ये क्रिप्टसेटअप २.३ पासून (२०२०) बिटलॉकर उघडता येतं. फाइल मॅनेजरमध्ये पार्टिशनवर क्लिक केलं की किल्ली विचारतो, तिथं ४८ अंकी रिकव्हरी की मधल्या रेघांसह टाका. विंडोजची किल्ली टीपीएम चिपमध्ये असते आणि ती लिनक्सला मिळत नाही, म्हणून रिकव्हरी कीच लागते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. कागदावरही उतरवून ठेवा. बूटलोडर किंवा यूईएफआयमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) बदल करण्याआधी बिटलॉकर 'सस्पेंड' करा, नाहीतर पुढच्या वेळी विंडोजच ती की मागत बसेल.

खटपट्या

दुसरी शंका महत्त्वाची आहे. ड्युअल बूटमध्ये दोन्ही बाजू एकाच वेळी कधीच जाग्या नसतात. दोन वेगळे संगणक असते तर मागे राहिलेली फाइल थोड्या वेळानं आपली आपण आली असती. इथं अपलोड अर्धवट असताना रीस्टार्ट केलंत की ती फाइल झोपलेल्या बाजूला अडकते, आणि तुम्ही दुसऱ्या बाजूला तिचीच जुनी प्रत उघडून बदलता. बहुतेक संघर्ष-प्रती अशाच जन्मतात. सिंकथिंग (संगणकांत थेट सिंक करणारा प्रोग्राम) वापरणाऱ्यांनाही हेच: दोन्ही बाजूंच्या मध्ये सतत चालू असणारं तिसरं यंत्र असलंच पाहिजे.

विंडोजमध्ये ढगाच्या चिन्हावर क्लिक करून 'युवर फाइल्स आर सिंक्ड' हे वाक्य बघा. फिरते बाण दिसत असतील तर थांबा. ऑफिसचे प्रोग्राम आधी बंद करा, उघडी फाइल काही वेळा बंद केल्यावरच वर जाते.

टर्मिनलवाला

लिनक्सकडे: वनड्राइव्ह क्लायंटला '--डिस्प्ले-सिंक-स्टेटस' देऊन बघा. ते सर्व्हरवरून खाली यायचं काय बाकी आहे ते सांगतं. वर जायचं राहिलंय का हे 'जर्नलसीटीएल --युजर -यू वनड्राइव्ह -एफ' मध्ये दिसतं. तुमच्या फाइलच्या नावापुढे 'अपलोडिंग... डन' आलं की झालं.

आरक्लोनचं माउंट फाइल बंद झाल्यावर ५ सेकंद थांबून अपलोड सुरू करतं, त्यामुळे सेव्ह केल्या केल्या रीस्टार्ट नको. माउंट करताना '--आरसी' जोडलेलं असेल तर 'आरक्लोन आरसी व्हीएफएस/स्टॅट्स' द्या. डिस्ककॅशच्या भागात 'अपलोड्सइनप्रोग्रेस' आणि 'अपलोड्सक्यूड' दोन्ही शून्य हवेत. राहूनच गेलं तर फाइल कॅशमध्ये सुरक्षित असते. पुढच्या वेळी लिनक्स सुरू करून त्याच पर्यायांनी माउंट केलं की ती वर जाते. तोपर्यंत विंडोजमध्ये ती फाइल उघडू नका.